आधी पाणी, मग मासे

आमच्या गल्लीत गेल्या चार-पाच वर्षांत पाच घरांत फिशटँक आले. त्यातले तीन आज कोरडे आहेत. एकात जुन्या वह्या-पुस्तकं आहेत, एकात कांदे-बटाटे. तिसऱ्यावर त्या घरातल्या वहिनींनी भरतकामाचं कापड टाकून वर फुलदाणी ठेवली आहे, म्हणजे कुणी विचारायला नको. हा तिसरा टँक खाऱ्या पाण्याचा होता.

वहिनी आमच्या महिला मंडळातल्या. मुलाला सातवीत चांगले मार्क पडले म्हणून हौसेने घेतला. शहरातला दुकानदार टाकी, मीठ, दगड, मासे सगळं एकाच गाडीतून घेऊन आला. सकाळी टाकी मांडली, दुपारी पाणी भरलं, संध्याकाळी अकरा मासे सोडले. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. सगळी गल्ली बघायला गेली होती, मीही गेले होते. नवव्या दिवशी शेवटचा मासा गेला. दुकानदार फोनवर म्हणाला, ‘हे मासे नाजूकच असतात हो, नवे आणून देतो.’ पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. वहिनींनी भिशीतून साठवलेले बत्तीस हजार गेले ते गेलेच, वर घरात ऐकून घ्यावं लागलं, ‘तुला साधे मासे सांभाळता आले नाहीत?’

हे वाक्य मला फार लागलं. कारण वहिनींनी रोज वेळेवर खाणं घातलं होतं, काच पुसली होती. ते मासे पाण्याने मेले होते, आणि हे पाणी कसं तयार होतं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे पुढच्याच वर्षी आमच्या लेकीने, ती तेव्हा अकरावी सायन्सला होती, ‘आई, आपण रीफ टँक करू या का?’ असं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, पण एका अटीवर. आधी सगळं वहीत, मग घरात. आम्ही दोघी तीन महिने वाचत होतो. मी बी.ए. मराठी, रसायनशास्त्राशी माझा संबंध इडलीच्या पिठात सोडा घालण्यापुरता. तरीही समजलं. कुणालाही समजेल असंच आहे ते.

रीफ म्हणजे प्रवाळाचं बेट. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही, तो प्राणी आहे. मुगाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम घेऊन स्वतःखाली चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला देतं. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापलं आणि तसंच आठवडे राहिलं, की हे शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ साली हेच झालं. जो जीव समुद्रात दोन अंशांनी कोलमडतो, तो आपल्या दिवाणखान्यात एप्रिल-मेमध्ये कसा राहील, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न कायद्याचा, आणि तो कुणी दुकानदार आपण होऊन सांगत नाही. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही त्याच यादीत. समुद्रातून ती काढणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जो सच्छिद्र दगड विकतात, तो खऱ्या रीफवरून आला असेल तर तोही प्रवाळाचा सांगाडाच. तारकर्लीला सहलीला जाऊन पाण्याखाली डोकं घालून प्रवाळ बघून आलेल्या तुमच्यातल्या कितीतरी जणी असतील. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे, आणि ते असल्यामुळेच आपल्याला ते बघायला मिळतं. तिथला तुकडा कुणीतरी छिन्नीने काढून पिशवीत घालून आपल्या घरी आणावा, हे मला तरी पटत नाही. पिशवीतला तुकडा कोणत्या जातीचा, कुठल्या समुद्रातला, हे ओळखणारं आपल्या घरात कुणी नसतंच.

म्हणून आमचं ठरलं, रीफसारखी टाकी करायची, पण प्रवाळाशिवाय. दगड कारखान्यात केलेला, हिरवाईला समुद्री शेवाळ, आणि मासे हॅचरीत जन्मलेले. लेक थोडी हिरमुसली. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिच्याकडे खरी प्रवाळं आहेत आणि ती दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्हाला दाखवते. तिकडे हौशी लोक आपल्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे कापून एकमेकांना देतात, आपण गुलाबाची फांदी देतो तसे. तिने सुरुवात मऊ प्रवाळांनी केली, तीही टाकी सहा महिने चालल्यावर. कठीण प्रवाळांसाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्याचा अल्कधर्मी गुण रोजच्या रोज मोजून भरून काढावे लागतात. शिवाय तिने एक सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. झोअँथस जातीच्या काही मऊ प्रवाळांत अतिशय जहाल विष असतं. ती असलेला दगड उकळत्या पाण्यात घालून साफ करायला गेलेली माणसं वाफेने दवाखान्यात पोचली आहेत. ती हातमोजे आणि चष्म्याशिवाय टाकीत हात घालत नाही.

आता टाकी. सगळ्यांना वाटतं, पहिली टाकी लहान घ्यावी. खाऱ्या पाण्यात हे नेमकं उलटं आहे. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. छोट्या पातेल्यातली भाजी पटकन करपते, मोठ्या पातेल्यातली आपल्याला थोडा वेळ देते, तसंच. आम्ही तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घेतली. तिच्यात सुमारे १८० लिटर पाणी मावतं. काच, दगड, वाळू धरून वजन सव्वादोनशे किलोच्या वर जातं. म्हणून शोकेसवर नाही, टीव्हीच्या टेबलावर तर अजिबात नाही. लोखंडी स्टँड, भिंतीलगत, खिडकीच्या उन्हापासून लांब. आणि स्वयंपाकघरापासूनही लांब, कारण फोडणीचा तेलकट धूर पाण्यावर बसतो.

पाण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण वहिनींचं घर इथेच बुडालं.

नळाचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही. त्यातल्या क्षारांवर पुढे शेवाळ माजतं, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारक. पिण्याच्या आरओचं पाणी चांगलं, पण घरगुती आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते. ती बंद करून घ्यावी लागते. आम्ही पुढे आयन काढणाऱ्या राळेची एक नळी जोडली आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबलो. तांब्याच्या कळशीतलं पाणी मुळीच नको. आपल्याला ते गुणकारी, पण कोळंबी, गोगलगाय यांना तांबं विष आहे.

मीठ स्वयंपाकाचं चालत नाही, सैंधवही नाही. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं. टाकीसाठीचं खास मीठ मिळतं. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. वेगळ्या पिंपात पाणी ढवळत ठेवून मीठ विरघळवायचं, दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या दुर्बिणीसारख्या नळीतून बघायचं. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं की झालं. आमच्याकडे कोकणातले पाहुणे म्हणाले, समुद्राचंच पाणी आणून देतो की कॅनमधून! पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात गावाचं सांडपाणीही असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो. नम्रपणे नाही म्हटलं.

वाळू, दगड, पाणी, पंप सगळं लागलं, दिवा लागला. टाकी इतकी सुंदर दिसत होती की मासे सोडायचा मोह मलाही झाला. पण खरं काम आता सुरू होतं. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया होतो. तो विषारी, आणि समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा जास्तच विषारी. एका जातीचे जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात, तोही विषारी. दुसरे त्याचा नायट्रेट करतात, तो थोडाफार चालतो. हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, दगडाच्या छिद्रांत आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात, आणि ती वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दूध ओतल्याबरोबर दही मागणाऱ्याला आपण काय म्हणू? इथे विरजणच सहा आठवड्यांचं आहे. वहिनींच्या टाकीत विरजण लागायच्या आधी अकरा मासे टाकले होते.

जिवाणूंना सुरुवातीला काहीतरी खायला हवं. बरेच लोक एक सोललेली कोळंबी टाकीत कुजू देतात. आमच्या सासूबाई माळकरी, त्यामुळे तो विषयच नव्हता. आम्ही माशांच्या कोरड्या खाद्याची चिमूट रोज टाकत राहिलो, बिनमाशांच्या टाकीत. कामाला येणाऱ्या मावशी रोज विचारायच्या, ‘ताई, कुणाला जेवू घालताय?’ लेक तपासणीच्या किटने दर दोन दिवसांनी थेंब टाकून रंग बघायची आणि वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढला, मग उतरला, नायट्राइट चढलं. एकतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य. तिथून पुढे आठवडाभर शून्यच राहिलं, तेव्हा आम्ही माशांच्या यादीवर आलो. मध्ये काचेवर, वाळूवर तपकिरी थर आला होता. तो नव्या टाकीला येतोच, आपोआप जातो. त्याला घाबरून कुठलंही औषध ओतू नये.

यंत्रं फार लागत नाहीत. पाणी हलतं ठेवणारा पंप, हीटर आपल्याकडे फक्त थंडीत, आणि स्किमर. डाळ शिजताना वर येणारा फेस आपण काढून टाकतो ना, स्किमर तेच करतो. बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि फेस वरच्या कपात जमतो. उन्हाळ्यासाठी चिलर मिळतो, पण तो टाकीपेक्षा महाग. आम्ही पाण्यावर वारा घालणारे दोन छोटे पंखे लावले, तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं आणि आमच्या माशांना तेवढं पुरतं. प्रवाळ असती तर पुरलं नसतं.

पण छोट्या गावात टाकीचा खरा शत्रू म्हणजे गेलेली वीज. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू उतरायला लागतो आणि फिल्टरमधले जिवाणूही काही तासांत गुदमरतात. गेल्या जूनमध्ये वळवाच्या पावसात आमच्याकडे रात्री दहाला वीज गेली ती सकाळी सहाला आली. पंप इन्व्हर्टरवर होता, आणि शिवाय बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हाताशी होता. इन्व्हर्टर तीन वाजता संपला, मग तो छोटा लावला. घरात पंखा बंद, आम्ही घामाघूम, आणि मासे मजेत. सासूबाई म्हणाल्या, ‘माझ्यापेक्षा त्यांची काळजी बरी घेता.’ माझं तर मत आहे, हा दोन पैशांचा बॅटरीपंप टाकीच्या आधी घ्यावा. वायरींना भिंतीत जाण्याआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जात नाही. आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्यावाच. खारं पाणी आणि वीज यांच्याशी हौस नको.

आता मासे. दुकानात सगळ्यात स्वस्त म्हणून निळे डॅमसेल आधी पुढे करतात. दिसायला गोजिरवाणे, पण भांडकुदळ. एकदा घर केलं की नव्या पाहुण्याला जगू देत नाहीत. सिनेमातली निळी डोरी मुलांना हवी असते, तिला सहा फुटी टाकीही बेताचीच. फुलपाखरू मासे बहुतेक प्रवाळच खातात, ते घरात उपाशी मरतात. मँडरिन नावाचा अतिसुंदर मासा दगडातले बारीक जिवंत किडे खातो, नव्या टाकीत तेही नसतात. शिवाय फिलिपाइन्स, इंडोनेशियाकडे रीफवर सायनाइड फवारून मासे बेशुद्ध करून पकडण्याची पद्धत चालत आली आहे. असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी आल्यावर काही आठवड्यांत जातो. म्हणून दुकानात दोनच प्रश्न विचारायचे, हॅचरीतला आहे का, आणि माझ्यासमोर खातो का. न खाणारा मासा कितीही सुंदर असो, घ्यायचा नाही.

आम्ही घेतले ते नारिंगी-पांढरे क्लाऊनफिश, मुलांच्या भाषेत निमो. हे हॅचरीत सहज वाढतात, आणि समुद्रात ज्या समुद्रफुलात राहतात त्याच्याशिवायही घरात सुखाने राहतात. यांच्या संसाराची गंमत ऐका. सगळी पिल्लं आधी नर होतात. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो आणि घराची सत्ता तिच्याकडे. ती गेली, तर तिचा नवराच मादी होतो आणि खालचा एक मोठा होऊन नवरा. म्हणजे २००३ च्या त्या सिनेमात निमोची आई गेल्यावर बाबांचं काय व्हायला हवं होतं, ते बघा! मंडळात हे सांगितलं तेव्हा पाच मिनिटं सभा पुढे सरकली नाही.

तीन आठवड्यांनी एक ब्लेनी, ती दगडावरचं शेवाळ खरडते. मग एक गोबी आणि तिच्या जोडीची पिस्तूल कोळंबी. कोळंबीला नीट दिसत नाही, पण वाळूत बीळ खणण्यात पटाईत. गोबीला खणता येत नाही, पण नजर तीक्ष्ण. एकाच बिळात दोघी राहतात, एक खणते आणि दुसरी दारात पहारा देते. कोळंबी बाहेर आली की तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते, गोबी हलली की दोघी आत. बस, चार मासे आणि एक कोळंबी. येणारे-जाणारे म्हणतात, टाकी रिकामी वाटते. वाटू दे.

प्रत्येक मासा आधी वेगळ्या टबात चार आठवडे ठेवला, अंगावर पांढरे ठिपके येतात का बघायला. पुण्याहून आणताना दुकानात पाण्याचं गुरुत्व विचारून घेतलं आणि टबाचं तेवढंच ठेवलं. पिशवी वीस मिनिटं टबात तरंगती ठेवायची, मग मासा हलकेच जाळीने घ्यायचा, पिशवीतलं पाणी टबात ओतायचं नाही. सगळा मिळून खर्च पन्नास हजारांच्या आसपास गेला, त्यात जिवंत प्राण्यांचे सहा हजारही नव्हते. हे आधी घरात मोकळेपणाने सांगावं, नाहीतर नंतर हिशेब बाईलाच विचारतात.

आणि कामाचंही तसंच. हौस मुलांची आणि रोजचं काम आईचं, हे आपल्याकडे कुत्र्या-मांजरांपासून चालत आलं आहे. आमच्या फ्रिजवर कागद चिकटवलेला आहे. रोज जेवढं पाणी उडेल तेवढं बिनमिठाचं पाणी घालणं, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर लागतं. हे काम ह्यांचं. दोन आठवड्यांनी दहा टक्के पाणी बदलणं आणि तपासणी लेकीची. माझ्याकडे खाणं, आणि घरातल्या फवाऱ्यांवर लक्ष. डासांची अगरबत्ती, झुरळांचा स्प्रे, फिनेल यातलं काही त्या खोलीत नाही, कारण हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. हाताला क्रीम लावून टाकीत हात घालायचा नाही. लेक पुढच्या वर्षी शिकायला बाहेर गेली की तिचं काम ह्यांच्याकडे, तसं कागदावर लिहून सही घेतली आहे.

आपल्या देशात हे मासे पैदा करायचं तंत्र केरळातल्या विळिंजमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्राने बसवलं. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर मत्स्य अनुवंश संशोधन ब्यूरोने तिथल्या बायकांना टाकीतल्या शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकवलं, घराजवळच्या शेडमध्ये गटागटाने. आमच्या बचत गटातल्या दोघी-तिघींनी कान टवकारले. पापड-लोणच्याच्या पलीकडचं काही तरी! मी एवढंच म्हटलं, आधी एक टाकी वर्षभर चालवून बघा, मग कर्जाचं बोलू.

आमच्या टाकीला आता दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात क्लाऊनच्या जोडीने दगडाच्या कडेला अंडी घातली, केशरी, तिळाएवढी, चिकटून ओळीत. बाबा दिवसरात्र पंखांनी त्यांना वारा घालत होता आणि आई फक्त जवळ येणाऱ्यावर धावून जात होती. माझ्या बोटालाही चावली. आठव्या रात्री अंधार पडल्यावर पिल्लं निघाली आणि सकाळपर्यंत एकही उरलं नाही. त्यांना पहिले काही दिवस रोटिफर नावाचे अतिसूक्ष्म जीव खायला लागतात, ते आधीच वाढवून तयार हवेत. लेकीने आता गच्चीत, सावलीत, पाच बाटल्यांत हिरवं पाणी धरलं आहे. वहिनींचा मुलगा, तो आता दहावीत आहे, रोज संध्याकाळी येऊन त्या बाटल्या हलवून जातो.